थंड हौद: फुलांच्या दुकानामागचा एक उन्हाळा

२३ मार्च २०२५, रविवार

काल रात्री दुकान बंद करताना टाकायचा माल पहिल्यांदाच वजन करून टाकला. निशिगंध सव्वादोन किलो, गुलाबाच्या चार जुड्या, झेंडू सात किलो. अजून मार्चच सुरू आहे. मे महिन्यात काय होतं ते दरवर्षी पाहते, पण वजन कधी केलं नव्हतं. पहाटे साडेचारला नागपुरातल्या बर्डीच्या नेताजी मार्केटात उभं राहून, एकेका जुडीची मान तपासून आणलेला माल रात्री कचऱ्याच्या गाडीत जातो, ते बघवत नाही.

दुकानात काचेचा एक जुना फ्रिज आहे. त्यात गुलाब आणि जरबेरा बसतात, बाकी सगळं बाहेर ओल्या पोत्याखाली. दुसऱ्या फ्रिजचा भाव विचारला, बासष्ट हजार. वर बिल वेगळं.

म्हणून यंदा घरामागच्या पडवीत विटा-रेतीचा थंड हौद बांधायचं ठरवलं. दिल्लीच्या पुसा संस्थेनं भाजीपाला टिकवण्यासाठी काढलेला हा प्रकार आहे, त्याला शून्य ऊर्जा शीतकक्ष म्हणतात. विटांच्या दोन भिंती, मध्ये तीन इंच फट, फटीत रेती, आणि रेती सतत ओली. मूळ आराखडा १६५ बाय ११५ सेंटिमीटर आणि उंची साडेसदुसष्ट सेंटिमीटर. क्रेटच्या हिशोबानं मला तो लहान पडतो. मी आतून सहा फूट बाय तीन फूट, उंची तीन फूट धरली. बाहेरून तो आठ बाय पाच होतो. उंचीचा हिशोब चुकला, ते पुढे येईलच.

नागपुरात हे चालेल असं वाटण्याचं कारण साधं आहे. आपल्याकडचं ऊन कोरडं. ज्या हवेत कूलर चालतो, त्या हवेत हेही चालायला हवं.

२५ मार्च, मंगळवार

सामान आणलं. लाल विटा ७५०, साडेसात रुपयांनी ५,६२५. राखेच्या विटा इकडे स्वस्त आणि सहज मिळतात, पण दोन्ही विटा बादलीत बुडवून पाहिल्या. लाल वीट बराच वेळ बुडबुडे सोडत राहिली, राखेची लवकर गप्प झाली. आपल्याला पाणी पिणारी वीट हवी, म्हणून लालच घेतली. कन्हान नदीची रेती २० पोती, १,२०० रुपये. रेती चाळून आणि धुऊन घ्या. माती राहिली तर फटीत तिचा चिखल होऊन बसतो.

दोन थर्मामीटर घेतले, हवेतला ओलावाही दाखवणारे, ३५० ला एक. दोन्ही रात्रभर एकाच फळीवर ठेवले, सकाळी त्यांत दोन अंशांचा फरक! गेल्या वर्षी ३० मेला नागपुरात ५६ अंश झाल्याचा आकडा सगळीकडे फिरला होता आणि नंतर यंत्रातच बिघाड असल्याचं हवामान खात्यानं सांगितलं. एवढ्या मोठ्या यंत्राचं असं होतं, तर साडेतीनशेच्या यंत्राचं काय! जे जास्त दाखवतं त्यावर लाल दोरा बांधला आणि त्याच्या आकड्यातून दोन वजा करून लिहायचं ठरवलं. खाली सगळे आकडे तसेच आहेत.

२८ मार्च, शुक्रवार

मिस्त्री आणि एक मजूर, दोन दिवस, ३,००० रुपये. पाडव्याच्या आधीचे दिवस असल्यामुळे मी दोन्ही दिवस पहाटेपासून बाजारात आणि मग दुकानात. घरी आले तेव्हा हौद उभा होता, सुरेख, ओळंब्यात. बाहेरून गुळगुळीत सिमेंटचं प्लास्टरही मारून झालं होतं.

मी सांगितलं होतं की विटा नुसत्या मांडा, फार तर कोपऱ्यांना माल लावा. मिस्त्री म्हणाले, "वहिनी, असं कच्चं काम माह्या हातून नाई होत. उद्या पडलं तं लोक मलेच म्हणतीन." त्यांनी मन लावून केलं होतं. मला तिथेच थांबवायला हवं होतं, पण दुसऱ्या दिवशीच्या तोरणांची ऑर्डर डोक्यात होती. पैसे देऊन मोकळी झाले.

३० मार्च, गुढीपाडवा

हौदाकडे बघायलाही झालं नाही. झेंडू, आंब्याचे टाळे, कडुलिंबाच्या डहाळ्या. दुपारी एकपर्यंत सगळा माल उठला.

१ एप्रिल, मंगळवार

दोन दिवस रेतीत पाणी ओतलं. दुपारी तीनला पडवीत ३८, हौदात ३५. नुसती सावली धरली तरी एवढा फरक पडतो.

बाहेरच्या भिंतीवर हात ठेवला तर ती कोरडी आणि कोमट. आतल्या भिंतीवर ठेवला तर ओली. पाणी आत होतं, पण बाहेरच्या वाऱ्याला ते मिळतच नव्हतं. माठाला बाहेरून ऑइलपेंट मारल्यासारखं झालं होतं.

४ एप्रिल, शुक्रवार

प्लास्टर फोडलं. नुसतं प्लास्टर निघेल असं वाटलं होतं, पण सांध्यांतही माल गच्च भरलेला, त्यामुळे बाहेरची भिंत पूर्ण उतरवून पुन्हा मांडावी लागली. ९० विटा फुटल्या, त्यांचे ६७५. मिस्त्री आणि मजूर पुन्हा एक दिवस, १,५००. मिस्त्रींना यावेळी कोरडा माठ आणि पाझरणारा माठ शेजारी ठेवून दाखवला. मग लगेच समजलं आणि त्यांनीच सुचवलं की विटांच्या सांध्यात बोटभर जागा मोकळी सोडू, फक्त कोपरे बांधू. तसंच केलं. रेती सांध्यातून गळू नये म्हणून आतून जुन्या बारदानाच्या पट्ट्या लावल्या. ही त्यांची युक्ती, आणि ती फार उपयोगी पडली.

वर झाकायला बांबूची चौकट आणि तिच्यावर वाळ्याची ताटी, ९०० रुपये.

६ एप्रिल, रामनवमी

पहाटे बाजार, मग शोभायात्रेच्या वाटेवरच्या मंडळांचे हार. पोद्दारेश्वर राम मंदिरापासून निघणाऱ्या यात्रेच्या दिवशी शहरात फूल शिल्लक राहत नाही, त्यामुळे हौदात ठेवायला काहीच नव्हतं. रिकाम्याच हौदाचं तापमान घेतलं. दुपारी तीन: पडवीत ४०, आत २७. ओलावा बाहेर २०, आत ८८.

आईंना, म्हणजे सासूबाईंना, हात आत घालायला सांगितलं. त्यांनी हात घातला आणि काढलाच नाही बराच वेळ.

८ एप्रिल, मंगळवार

पहिला खरा माल. निशिगंधाच्या दहा काड्या फ्रिजशेजारी बादलीत, दहा हौदात बादलीत. दोन्हींकडे खालची दोन-तीन फुलंच उमललेली, अशाच काड्या निवडल्या होत्या.

१० तारखेच्या सकाळी दुकानातल्या काड्यांची खालची फुलं तपकिरी झाली होती आणि वरच्या कळ्या न उमलताच वाकल्या होत्या. हौदातल्या काड्यांवर मधली फुलं उमलत होती आणि शेंड्यापर्यंत काडी ताठ. हौदातल्या दहाही काड्या विकल्या. दुकानातल्या चार.

१४ एप्रिल, सोमवार

आज बाबासाहेबांची जयंती. वर्षातला आमचा सगळ्यात मोठा दिवस हाच. दसऱ्यापेक्षाही हार जास्त जातात. संविधान चौकात आणि दीक्षाभूमीवर मध्यरात्रीपासून माणसं येतात, आणि प्रत्येकाला हार ताजाच हवा असतो. हवाच. वर्षभर जपलेल्या पैशातून घेतलेला हार असतो तो.

काल दुपारपासून मावशी आणि त्यांच्या दोघी जणी गुंफायला बसल्या. साठ हार रात्री आठपर्यंत तयार. मी ते क्रेटमध्ये एकावर एक रचून हौदात ठेवले आणि निश्चिंत झाले. पहाटे तीनला काढायला गेले तर वरचे आणि कडेचे हार थंडगार, पण मधल्या क्रेटमध्ये हात घातला आणि दचकले. आत ऊब होती. भाकरीच्या टोपल्यात हात घातल्यावर लागते तशी. झेंडू दाबून ठेवला की आतल्या आत गरम होतो. पोत्यातला माल शिजतो, हे बाजारात सगळ्यांना माहीत आहे. पण हौद थंड आहे म्हणून मी ते विसरले होते. मधल्या अकरा हारांच्या पाकळ्या देठापासून सुटल्या होत्या. उचलताच खाली सडा.

मावशींनी एका शब्दानं बोल लावला नाही. तशाच बसल्या आणि पहाटे साडेपाचपर्यंत नऊ हार पुन्हा केले. दोन ऑर्डरी मला नाही म्हणाव्या लागल्या. त्यातले एक काका दरवर्षी येणारे. त्यांचा चेहरा दिवसभर डोळ्यासमोर होता.

सुधारणा: हौदात आडवे बांबू टाकले, हार रचायचे नाहीत, टांगायचे. इथे उंचीची चूक उघडी पडली. तीन फुटांत मोठा हार टांगला की तळाला टेकतो, म्हणून दुमडून टांगावा लागतो. बांधणार असाल तर उंची चार फूट ठेवा. विटा थोड्या जास्त लागतील, पण पुढे पस्तावायची वेळ येणार नाही. सुटा झेंडू ठेवायचा असेल तर क्रेट अर्धाच भरायचा.

१९ एप्रिल, शनिवार

पडवीत दुपारी ४३.५, ओलावा १५. हौदात २८. रस्त्यावर चिटपाखरू नाही, दुकान एक ते पाच बंद.

पाण्याचं गणित आज जमलं. सुरुवातीला बादलीनं ओतत होते, सकाळी चार, संध्याकाळी चार. त्यानं वरची रेती भिजायची आणि दुपारी दोननंतर मधला पट्टा सुकायचा. नेमकी तेव्हाच गरज. म्हणून २०० लिटरचं पिंप स्टुलांवर पाच फूट उंच ठेवलं, १६ एमएमची नळी फटीवरून फिरवली, २४ ड्रिपर लावले. पिंपासकट १,१५० रुपये. ड्रिपरवर ताशी ४ लिटर लिहिलेलं असतं, पण पाच फुटांवरच्या पिंपाला तेवढा जोर नसतो. पेल्यात धरून मोजलं, तर ताशी दीड लिटरही पडत नाही. मग सकाळी सव्वा तास आणि दुपारी एकला सव्वा तास नळी सोडायची. दिवसाला साधारण ८० लिटर. पाणी जपून वापरावं लागणाऱ्या दिवसांत ८० लिटर ही थोडीथोडकी गोष्ट नाही. फुलांच्या बादल्यांचं पाणी बदलतो ते आधी झाडांना घालायचो, आता जाड फडक्यातून गाळून रेतीत जातं. तेवढंच वीस-पंचवीस लिटर वाचतं. हे पाणी पिंपात मात्र घालायचं नाही, ड्रिपर बंद होतात.

२४ एप्रिल, गुरुवार

दुपारी आत ३३ झाले. चोवीसपैकी नऊ ड्रिपर बंद. बोअरचं पाणी, त्याचा खार. विटांवरही पांढरे पट्टे उठले आहेत. ड्रिपर काढून रात्रभर व्हिनेगरमध्ये ठेवले, सकाळी टाचणीनं भोकं साफ केली. आता पिंपात फक्त नळाचं पाणी, आणि पिंपाच्या तोंडाला दोन पदरी फडकं बांधलेलं. डास नकोत म्हणूनही.

३० एप्रिल, बुधवार, अक्षय तृतीया

आज लग्नाची मोठी तिथी होती. एका लग्नाचं मंडप, स्टेज आणि वधूवरांचे हार आमच्याकडे. मोगरा बारा किलो, कार्नेशनच्या पंधरा जुड्या पुण्याहून ट्रॅव्हल्सनं परवा रात्री आलेल्या.

मोगऱ्यानं आज डोळ्यांचं पारणं फेडलं. पहाटे घेतलेल्या टपोऱ्या कळ्या ओल्या मलमलीवर एकच थर पसरून हौदात ठेवल्या. एरवी संध्याकाळी चारलाच उमलून रात्री आठपर्यंत पिवळ्या कडा येतात. आज सात वाजता गजरे केसांत माळले तेव्हा कळ्या नुकत्या फुलत होत्या. नवरीची आत्या मांडवातून मला शोधत आली, गजरा हुंगत. असं क्वचित होतं.

कार्नेशन मात्र गेलं. काल रात्री हौदात ठेवताना कळ्या घट्ट, पाकळ्या टवटवीत. आज सकाळी पाकळ्या आत वळलेल्या, जणू फुलं डोळे मिटून बसली होती. पाण्यात होतं, थंडीत होतं, देठ हिरवेगार. काही समजेना. तळाशी, बादल्यांच्या मागे, फडक्याखाली टोपली सापडली. आईंनी पितरांच्या पानासाठी आणलेले आंबे थंड जागी राहतील म्हणून तिथे ठेवले होते. आज घरात आमरस व्हायचा होता.

बाजारातल्या एका जुन्या अडत्यांना फोन केला. त्यांनी ऐकून लगेच सांगितलं, "फळ अन् फूल एका खोलीत ठेवाचं नसते बाई. कार्नेशन तं पयलेच झोपते." पिकणाऱ्या आंब्यातून इथिलीन वायू सुटतो, तोच फळ पिकवतो आणि तोच फूल म्हातारं करतो. ताटीनं झाकलेल्या हौदात तो साठून राहिला. मोगरा पहाटे आला, तेवढ्या वेळात तो वाचला. कार्नेशन रात्रभर त्यात होतं.

नुकसान १,८०० रुपये आणि स्टेजवर ऐन वेळी शेवंती लावावी लागली ती वेगळी. आईंना वाईट वाटू नये म्हणून मी आधी काही बोलले नव्हते, पण त्यांनीच विचारलं. मग त्यांनीच पाटीवर खडूनं लिहिलं: "फळ ठेवू नये." ती पाटी हौदाच्या ताटीला बांधली आहे. सुकलेली फुलं, कुजकी पानंही आत राहू देऊ नका, त्यांचंही तेच.

६ मे, मंगळवार

काल संध्याकाळी वादळ आलं, पाठोपाठ अवकाळी पाऊस. आज दुपारी बाहेर ३४, आत २९. ओलावा आत ९७.

सकाळी शेतावरून आलेला जरबेरा भिजलेला होता. एरवी तो पाण्यात उभा करून मोकळ्या हवेत सुकवते. आज घाईत तसाच हौदात. आठवड्याच्या आत दुसरं नुकसान. संध्याकाळी पाकळ्यांवर टाचणीच्या टोकाएवढे तपकिरी ठिपके, उद्यापर्यंत राखाडी बुरशी चढेल. देठही खालून मऊ झाले, कारण बादलीत पाणी भरपूर होतं. जरबेऱ्याचा देठ पोकळ आणि केसाळ, त्याला तीन-चार बोटं पाणी पुरे.

रिकामा हौद आतून चुन्यानं पुसून घेतला, दोन दिवस ताटी काढून ठेवली. आतापासून ओलं फूल आत जाणार नाही. पाणी देठाला द्यायचं, पाकळीला नाही.

१२ मे, बुद्ध पौर्णिमा

पांढऱ्या निशिगंधाचा दिवस. चाळीस जुड्या दोन दिवस आधी, भाव चढायच्या आत घेऊन ठेवल्या होत्या. दोन फेकल्या, अडतीस विकल्या. दोन दिवस आधी माल घेण्याची हिंमत मी याआधी उन्हाळ्यात कधीच केली नव्हती.

२२ मे, गुरुवार

हिशोब. विटा फुटलेल्या धरून ६,३००, रेती १,२००, मजुरी दोन्ही वेळची ४,५००, नळी-पिंप १,१५०, बांबू-ताटी ९००, थर्मामीटर ७००. एकूण १४,७५०. प्लास्टरची चूक झाली नसती तर १२,५७५ मध्ये झालं असतं. बांधायला धरले होते तीन दिवस, लागले तेरा.

टाकलेल्या मालाचं वजन रोज वहीत लिहिते. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात, पाडव्याची विक्री असूनही, एकतीस किलो. गेल्या आठवड्यात नऊ, आणि त्यातले चार किलो गुलाब जे हौदात ठेवलेच नव्हते. गुलाबाला हा गारवा पुरत नाही, त्याला फ्रिजच हवा. हौदामुळे झालं एवढंच की फ्रिजमध्ये त्याला जागा मिळाली.

शेजारच्या भाजीवाल्या काकांनी मोजमापं उतरवून नेली. त्यांना मात्र सांगितलं, टमाटे आणि पालक एकत्र ठेवू नका.

९ जून, सोमवार

उद्या वटपौर्णिमा. गजरे आणि सुटी फुलं एवढीच मागणी, तेवढं दुकानात मावतं.

हवेत दमटपणा आला आहे. बाहेर ३६, आत ३१. घरातला कूलरही आता नुसता चिकचिक करतो, तसंच याचं. चार दिवस पाहिलं, दोन क्रेट झेंडूला बुरशी लागली, मग आज पाणी बंद केलं. पावसाळ्यात हौद चालत नाही. चालवायचा प्रयत्नही करू नये. श्रावणात बेल-दुर्वा ठेवायला तो कामी येईल का, असं मावशी विचारत होत्या. ओल्या विटांत बेलाची पानं काळी पडतील, असं मला वाटतं.

रेती आहे तिथेच ठेवली आहे. वाळ्याच्या ताट्या उन्हात दोन दिवस वाळवून पडवीच्या आढ्याला टांगल्या. बारदानाच्या पट्ट्या मात्र कुजल्या, त्या काढून टाकल्या. पुढच्या वेळी नायलॉनची जाळी. ड्रिपर धुऊन बरणीत भरले, बरणीवर संख्या लिहिली, बावीस. दोन फुटले. ऑक्टोबरचं ऊन तापायला लागलं की पुन्हा पाणी सोडेन, आणि त्याआधी मिस्त्रींना बोलावून भिंत एक फूट वाढवून घ्यायची आहे.